७४४ हजेऱ्या आणि एक रजा

परवाची गोष्ट. रात्रीचे साडेनऊ. मी लॅपटॉपसमोर, शेजारी थंड झालेला चहा आणि डोक्यावर एका आर्टिकलची डेडलाईन. माझी रूममेट हॉलमध्ये कॉलवर. तिची अर्धी टीम पुण्यात, अर्धी मनिलात आणि क्लाएण्ट अमेरिकेत. म्हणजे जगात कुठेतरी सकाळ असतेच आणि हिला लॉगिन करावंच लागतं! कॉल संपला तशी ती जवळजवळ नाचतच माझ्या खोलीत आली.

"दोन वर्षांत एकही सिक लीव्ह नाही म्हणून आज सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं! आणि मनिलाचा टीम लीड काय म्हणाला माहितीये? म्हणे, तू तर आमची एलए टेनोरिओ आहेस. कोण गं हा?"

मला कुठे माहीत? पण मास कॉमच्या कोर्समध्ये एक गोष्ट नीट शिकवली होती, माहीत नसेल तर शोधायचं. शोधलं. डेडलाईन गेली खड्ड्यात. रात्री दीड वाजता मी एका पाच फूट आठ इंच उंचीच्या फिलिपिनो बास्केटबॉलपटूबद्दल वाचत होते आणि रूममेटला उठवावं की नाही, या विचारात पडले होते. कारण टीम लीडने केलेलं कौतुक खरं होतं, पण ती फक्त अर्धी गोष्ट होती.

तर आधी अर्धी गोष्ट. आपल्याकडे क्रिकेटचं जे स्थान, ते फिलिपिन्समध्ये बास्केटबॉलचं. अमेरिकन राजवटीत हा खेळ तिथे आला आणि गल्लीबोळांत मुरला. उंच माणसांच्या या खेळावर बेताच्या उंचीच्या लोकांचा अख्खा देश फिदा आहे! त्यांची व्यावसायिक लीग, म्हणजे पीबीए, १९७५ साली सुरू झाली. आशियातली ही पहिली व्यावसायिक बास्केटबॉल लीग. गंमत म्हणजे तिथले संघ शहरांच्या नावाने खेळत नाहीत, कंपन्यांच्या नावाने खेळतात. कुणी बिअरवाल्यांचा, २०२२ पर्यंत एक दूधवाल्यांचाही होता. त्यामुळे तिथला खेळाडू म्हणजे एका अर्थी आपल्यासारखाच. छातीवर कंपनीचा लोगो, वर बॉस आणि कधीही होऊ शकणारी बदली.

लुईस आल्फ्रेड टेनोरिओ, म्हणजेच एलए. जन्म ९ जुलै १९८४, बटांगास प्रांतातल्या नासुग्बूचा. कॉलेज मनिलाचं नामांकित अटेनिओ. २००६ च्या ड्राफ्टमध्ये चौथ्या क्रमांकावर त्याला सॅन मिगेलने, म्हणजे बिअरवाल्यांनी उचललं. २००८ मध्ये ट्रेड होऊन तो अलास्काकडे, म्हणजे दूधवाल्यांकडे गेला आणि २०१० मध्ये तिथे पहिली ट्रॉफी जिंकली. २०१२ मध्ये पुन्हा ट्रेड. या वेळी बारांगाय जिनेब्रा, म्हणजे थेट जिन! बिअर, दूध, जिन. सीव्ही असावा तर असा!

खेळायचा पॉइंट गार्ड म्हणून. म्हणजे टीममधला तो माणूस, जो स्वतः कमी चमकतो पण कुणी कुठे उभं राहायचं, बॉल कधी कुणाला द्यायचा, हे ठरवतो. ऑफिसमध्ये असा एक जण असतोच. तो रजेवर गेला की मगच कळतं की डिपार्टमेण्ट नक्की कोण चालवत होतं. २०१२ साली तैपेईतल्या जोन्स कपमध्ये फिलिपिन्सने अमेरिकेच्या संघाला एका पॉइंटने हरवलं, तेव्हा स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला टेनोरिओ. २०१४ च्या वर्ल्ड कपला स्पेनमध्ये गेलेल्या राष्ट्रीय संघातही तो होता. त्या स्पर्धेत सेनेगलला हरवून फिलिपिन्सने चाळीस वर्षांनी वर्ल्ड कपमधला सामना जिंकला.

पण टीम लीडने रूममेटला त्याचं नाव दिलं ते यासाठी नव्हे. ते दिलं हजेरीसाठी. २००६ मध्ये पीबीएत पाऊल टाकल्यापासून टेनोरिओने एकही सामना चुकवला नाही. घोटे मुरगळले असतील, ताप आले असतील, पण मस्टरवर सही आहेच. आधीचा विक्रम होता आल्विन पॅट्रिमोनिओचा, सलग ५९६ सामन्यांचा. चार वेळा लीगचा एमव्हीपी ठरलेला हा माणूस म्हणजे तिथलं बडं नाव. २०१९ मध्ये टेनोरिओने त्याला मागे टाकलं. लोक त्याला आयर्नमॅन म्हणू लागले.

२०२० चा किस्सा तर कहरच. कोविडमुळे बंद पडलेली लीग क्लार्कमध्ये बायो-बबलमध्ये पुन्हा सुरू होणार होती. सप्टेंबरमध्ये टेनोरिओचं अपेंडिक्सचं तातडीचं ऑपरेशन झालं. आपण अशा वेळी काय करतो? महिनाभर मऊ भात आणि वेबसीरिज. हा ऑक्टोबरमध्ये संघाच्या पहिल्याच सामन्यात कोर्टवर! पुढे जिनेब्राने ती स्पर्धा जिंकली आणि फायनल्सचा एमव्हीपी कोण? तोच.

इथपर्यंत वाचलं आणि मलाही वाटलं, क्या बात है! बघ, याला म्हणतात कमिटमेण्ट. मी फ्रीलान्सर आहे. आमच्यात सिक लीव्ह नावाचा प्रकारच नाही, काम नाही तर चेक नाही. तापात कॉपी पाठवल्याच्या कहाण्या मी पार्टीत रंगवून सांगते. लोक हसतात, मला बरं वाटतं. त्यामुळे हा माणूस मला आपलाच वाटला.

मग पुढचं वाचलं.

जानेवारी २०२३. फिलिपिन अरेनामध्ये ५४,५८९ प्रेक्षकांसमोर जिनेब्राने बे एरिया ड्रॅगन्सला सातव्या सामन्यात हरवून आणखी एक ट्रॉफी घेतली. त्यानंतर दोनच महिन्यांनी, मार्चमध्ये, टेनोरिओ एका सामन्याला आला नाही. जांघेची दुखापत, असं सांगण्यात आलं. सलग सामन्यांचा आकडा ७४४ वर थांबला. सोळा वर्षांहून जास्त काळ चाललेली मालिका अशी एका साध्या बातमीने संपली. आणि २१ मार्चला त्याने स्वतःच जाहीर केलं की त्याला मोठ्या आतड्याचा कॅन्सर झालाय. तिसरी स्टेज. ऑपरेशन झालंय, आता काही महिने उपचार चालतील.

तो तेव्हा ३८ वर्षांचा होता. दारूच्या पेठेत बसणारा, वडापाववर जगणारा, जिने चढताना धापा टाकणारा माणूस नव्हे हा. रोज घाम गाळणारा, ज्याच्या शरीराची काळजी घ्यायला अख्खा स्टाफ असतो असा खेळाडू. तिसरी स्टेज म्हणजे आजार आतड्याच्या भिंतीबाहेर जवळच्या लिम्फ नोड्सपर्यंत पोचलेला असतो, पण दूरच्या अवयवांत गेलेला नसतो. म्हणजे उशीर झालाय, पण वेळ गेलेली नाही.

एक गोष्ट स्पष्ट करते. तो खेळत राहिला म्हणून त्याला कॅन्सर झाला, असं अजिबात नाही. पण आयर्नमॅन असल्याने तो टळलाही नाही. शरीराचं स्वतःचं एक वेगळं मस्टर असतं आणि त्यावर सही करायला आपण क्वचितच जातो.

आता रूममेटला उठवायचं का होतं, ते सांगते (तिची परवानगी घेऊनच लिहितेय, काळजी नसावी). गेले तीन आठवडे तिला शौचाच्या वेळी रक्त दिसत होतं. मला सांगितलं होतं, तेही मॅगी खाता खाता, सहज. "मूळव्याध असेल गं. बसून बसून होते सगळ्यांनाच. अप्रेझल होऊ दे, मग बघू." मीही "हो, बघ" म्हणाले होते. अप्रेझल अजून दीड महिना लांब होतं. आणि मला स्वतःला त्या "हो, बघ"ची आता लाज वाटत होती.

रात्री उठवलं नाही. सकाळी चहाबरोबर उरलेली अर्धी गोष्ट सांगितली. ती आधी हसली. "तू ना, गुगलवरची डॉक्टर!" मग म्हणाली, मी एकोणतीसची आहे, मला कशाला होईल? मी म्हटलं, हे म्हाताऱ्यांचं दुखणं आहे असंच सगळे समजायचे. पण तरुणांमध्येही त्याचं प्रमाण वाढताना दिसलं, म्हणून अमेरिकेत २०२१ मध्ये तपासणीचं वय पन्नासवरून पंचेचाळीसवर आणलं. आणि ते वय कुठलाच त्रास नसलेल्यांसाठी. रक्त दिसणं, पोटाचं रुटीन बदलणं, कारण नसताना वजन उतरणं, सतत थकवा, यातलं काही असेल तर वय बघायचं नसतं, डॉक्टर बघायचा असतो. बहुतेक वेळा साधंच काहीतरी निघतं. पण ते साधं आहे, हे आपण नाही, डॉक्टरांनी म्हणायचं.

ती गप्प झाली. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "पण माझं दोन वर्षांचं रेकॉर्ड जाईल ना."

हसू नका. मला तेव्हा हसू आलं नाही. कारण तिला त्या कंपनीत आजवर कौतुकाचं जे काही मिळालं होतं, ते त्या रेकॉर्डमुळेच. त्यामुळे मी टेनोरिओचं पुढे काय झालं, ते सांगितलं. केमोथेरपी झाली. आणि २०२३ संपायच्या आत तो जिनेब्राच्या जर्सीत पुन्हा कोर्टवर उतरला. मालिका तुटलीच होती, ती काही जोडली जाणार नव्हती. तरी तो आला. आता मोजायला आकडा नव्हता, फक्त खेळ होता. २०२५ मध्ये तो मॅग्नोलिया संघाचा मुख्य कोच झाला. हा संघ म्हणजे जुना प्युअरफूड्स, जिथे पॅट्रिमोनिओ आपली सगळी कारकीर्द खेळला. ज्याचा विक्रम मोडला, त्याच्याच घरी हा कोच म्हणून गेला! आणि ७४४ चं काय? तो आकडा आहे तिथेच आहे. एका रजेने आधीच्या ७४४ हजेऱ्या पुसल्या जात नाहीत.

गुरुवारी तिने सिक लीव्ह टाकली. मॅनेजरला मेसेज टाइप करायला तिला पंधरा मिनिटं लागली आणि त्याचं उत्तर पंधरा सेकंदांत आलं. "ओके, टेक केअर." बस्स. एवढंच! ऑफिस कोसळलं नाही, सर्व्हर पडला नाही. मी सोबत गेले. डॉक्टरांनी तपासलं, कोलोनोस्कोपी करून घेऊ म्हणाले. त्यासाठी आणखी एक रजा. तिने या वेळी दोन मिनिटांत मेसेज टाकला.

रिपोर्ट आला. मूळव्याधच निघाली. औषधं, भरपूर पाणी, फायबर आणि दर तासाला खुर्चीतून उठायचा हुकूम. रिक्षात बसल्यावर ती जरा चिडलीच. "बघ, मी म्हटलं होतं ना? उगाच दोन रजा गेल्या." दोन सिग्नल गेल्यावर मात्र तिने माझा हात घट्ट धरला आणि घर येईपर्यंत सोडला नाही.

मी घरी येऊन माझ्या संपादकांना फोन केला आणि आयुष्यात पहिल्यांदा म्हणाले, सर, माझीही एक टेस्ट राहिलीये दोन वर्षांपासून, कॉपी सोमवारी देते. ते म्हणाले, दे की.

तुमच्या खात्यात किती सिक लीव्ह पडून आहेत? बघा जरा. आणि त्यातली एक कशासाठी राखून ठेवली होतीत, तेही आठवून बघा.