पिकलबॉल शिकायचंय? आधी कोर्टावरची माणसं पाहून या

गेल्या काही महिन्यांत माझ्या दवाखान्यात एक नवा प्रश्न येऊ लागला आहे, 'डॉक्टर, पिकलबॉल खेळलं तर चालेल का?' विचारणारे बहुतेक पंचेचाळीस ते पासष्टच्या दरम्यानचे. कुणाला मधुमेह, कुणाची रक्तदाबाची गोळी चालू, कुणाचे गुडघे कुरकुरणारे. बहुतेकांना मी 'खेळा' असेच सांगतो आणि लगेच विचारतो, 'शिकणार कुठे?' तेव्हा कोर्टाचे तासाचे भाडे अचूक सांगितले जाते. तिथे शिकवतो कोण, हे मात्र ठाऊक नसते.

खेळ तसा जुना आहे. १९६५ मध्ये अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या बेनब्रिज बेटावर तो सुरू झाला. सुनील वालावलकर यांनी तो भारतात आणला आणि मुंबईत रुजवला. पण मुंबई-पुण्यात गल्लोगल्ली कोर्टे दिसू लागली ती अलीकडेच. २०२५ मध्ये केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने या खेळाच्या एका संघटनेला राष्ट्रीय महासंघ म्हणून मान्यता दिली. स्पर्धा, मानांकन, लीग यांची चर्चा वाढली. पन्नाशीत पहिल्यांदा बॅट हातात घेणाऱ्या माणसाचे काय, याची चर्चा फारशी नाही.

कोर्ट ४४ फूट लांब आणि २० फूट रुंद, म्हणजे बॅडमिंटनच्या दुहेरीच्या कोर्टाएवढे. जाळी मध्यभागी ३४ इंच. सर्व्हिस खालून करायची, चेंडू प्लॅस्टिकचा, भोकांचा. त्यामुळे तासाभरात चार फटके जमतात आणि माणूस खूश होतो. धोकाही इथेच आहे. हाताला खेळ लवकर येतो, पण वीस वर्षे खुर्चीत बसलेल्या पोटऱ्या, घोटे आणि हृदय त्या वेगाने तयार होत नाहीत.

त्यात भर पडते तासाच्या भाड्याची. चौघांनी पैसे भरलेले असतात, पुढची चौकडी बाहेर उभी असते. अशा वेळी दहा मिनिटे अंग मोकळे करणे म्हणजे पैसे वाया घालवणे वाटते. दमलेला माणूस 'आता दहाच मिनिटं उरलीत' म्हणून रेटत राहतो. माझ्याकडे आलेल्या एका बाईंचे असेच झाले. वय ५८. मुलाच्या मित्रांमध्ये चौथा भिडू कमी होता म्हणून पहिल्याच दिवशी सामन्यात उतरल्या. डोक्यावरून गेलेल्या चेंडूसाठी उलट पावली धावल्या, मागे पडल्या आणि मनगटाचे हाड मोडले. चूक त्यांची नव्हती. उलटे धावायचे नाही, वळून जायचे किंवा चेंडू सोडून द्यायचा, हे त्यांना कुणी सांगितलेच नव्हते.

म्हणून माझा सल्ला असा की, पैसे भरण्याआधी एकदा नुसते बघायला जा. अर्धा तास बाकावर बसा. नवशिक्यांसाठी वेगळी वेळ आहे का? 'ओपन प्ले' असेल, म्हणजे आळीपाळीने कुणीही कुणाबरोबर खेळायचे असेल, तर नव्या माणसाला खरोखर आत घेतात का, की ठरलेली चौकडीच फिरत राहते? काही गटांत आधी तुमचे रेटिंग विचारतात. ते नवख्याकडे कुठून असणार? चेंडू चुकला की जोडीदार हसून 'पुन्हा' म्हणतो की तोंड वाकडे करतो, हेही पाहा. हे मानापमानाचे प्रकरण नाही. ज्याला आपण अडचण ठरतोय असे वाटते तो जिवावर उदार होऊन धावतो, किंवा दुसऱ्या आठवड्यात यायचे बंद करतो. दोन्ही तब्येतीला वाईट.

प्रशिक्षक असेल तर त्याने पहिल्या दिवशी तुमचे आजार आणि गोळ्या विचारायला हव्यात. नाही विचारल्या तर तुम्ही सांगा. त्यावर 'काही होत नाही काका' असे उत्तर आले, तर दुसरी जागा शोधा. चकचकीत कोर्टच हवे असेही नाही. सोसायटीचे बॅडमिंटन कोर्ट, हलवता येणारी जाळी आणि सकाळी सातचे चार समवयस्क शेजारी, ही माझ्या मते सर्वांत चांगली शाळा. जाळीपासून सात फुटांवर चिकटपट्टीने रेघ तेवढी मारून घ्या. बॅडमिंटनची रेघ साडेसहा फुटांवर असते. चेंडूचा टकटक आवाज कानाला लागतो. वरच्या मजल्यावरच्यांशी वेळ आधी ठरवा, नाहीतर वाद होतात.

चालण्याचे बूट या खेळाला चालत नाहीत. आडव्या हालचालीत घोटा मुरगळतो. बॅडमिंटनचे किंवा टेनिसचे बूट घ्या, आणि जमल्यास डोळ्यांना न फुटणारा चष्मा. जाळीजवळून मारलेला चेंडू डोळ्यावर बसू शकतो.

मधुमेहासाठी इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यांनी रिकाम्या पोटी खेळू नये. खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवावे. रात्री उशिराचा खेळ या मंडळींना मी टाळायला सांगतो, कारण साखर नंतर झोपेतही उतरू शकते. हृदयविकार, आधी झालेली अँजिओप्लास्टी, चालताना छातीत दडपण, रक्त पातळ करणारी गोळी किंवा आटोक्यात नसलेला रक्तदाब असेल, तर आधी आपल्या डॉक्टरांना भेटा. बाकीच्यांनी पहिले दोन-तीन आठवडे एक दिवसाआड, अर्धा तासच खेळावे. चौथ्या दिवशी स्पर्धेत नाव देऊ नये. (हे सांगावे लागते.)

खेळताना छातीत दडपण आले, घाम फुटला, डावा हात किंवा जबडा दुखू लागला, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर डाव तिथेच सोडा. ॲसिडिटी समजून घरी जाऊन पडू नका, सोबतच्यांना घेऊन थेट इस्पितळ गाठा. टाचेच्या मागे कुणी लाथ मारल्यासारखे वाटून पाय टेकवेनासा झाला, तर तिथला जाड स्नायुबंध तुटलेला असू शकतो. त्याला मालीश करू नका, त्याच दिवशी दाखवा.

त्या ५८ वर्षांच्या बाई प्लास्टर निघाल्यावर आणि मनगटाचे व्यायाम झाल्यावर पुन्हा खेळू लागल्या आहेत. आता त्या सोसायटीतल्या सकाळच्या गटात असतात आणि डोक्यावरून जाणारा चेंडू खुशाल जाऊ देतात.