चिठ्ठी लिहिणाऱ्या हाताला प्रश्न

कल्याण पूर्वेतला नाका कामगार कंबर धरून दवाखान्यात येतो. पाय उचलायला लावणे नाही, लघवीवर ताबा आहे का हे विचारणे नाही, थेट चिठ्ठी हातात: 'एमआरआय करा'. आठवड्याची मजुरी त्या बोगद्यात जाते. रिपोर्टमध्ये येते 'डिस्क बल्ज'. चाळिशी उलटलेल्या, अजिबात कंबर न दुखणाऱ्या कित्येकांच्या मणक्यातही हेच दिसते, हे त्याला कोण सांगणार? पायातली ताकद गेली, लघवी अडली, ताप आहे, वजन घटते आहे, पूर्वी कॅन्सर झाला होता, तर एमआरआय त्याच दिवशी हवा. नाहीतर बहुतेकांची कंबर सहा आठवड्यांत आपोआप सुधारते.

रोंटगेन यांनी १८९५ साली क्ष-किरण शोधले आणि पेटंट घेतले नाही. त्या शोधाचा आज बाजार झाला आहे. तपासणीला पाठवण्याबद्दल कमिशन घेणे २००२ च्या वैद्यकीय आचारनियमांनी निषिद्ध ठरवले. २०१७ साली राज्य सरकारने कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदाही केला. तो मसुदाच राहिला!

पण सगळा दोष कमिशनचा नाही, अज्ञानाचाही आहे. कोणते यंत्र काय पाहते, एवढे तरी चिठ्ठी लिहिणाऱ्याला ठाऊक हवे. पित्ताशयातले खडे सोनोग्राफीत स्वच्छ दिसतात, सीटीत अनेकदा दिसतच नाहीत. मूतखड्याचे नेमके उलट. सोनोग्राफीत किरणोत्सर्ग नाही, एमआरआयमध्येही नाही. छातीच्या एका सीटीत मात्र साध्या एक्स-रेच्या साठ-सत्तर पट किरण अंगात जातात. भगिनीला एक्स-रेला पाठवण्याआधी पाळी कधी आली होती, हे विचारायला पैसे पडत नाहीत.

भिवंडीचा यंत्रमाग कामगार असो की ठाण्याचा सफाई कामगार, दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर छातीचा एक्स-रे आणि थुंकीची तपासणी दोन्ही हवे. एक्स-रे सावली दाखवतो, जंतू दाखवत नाही. नुसत्या सावलीवर टीबीच्या गोळ्या सुरू करणारे आणि सावली नाही म्हणून खोकल्याचे औषध देऊन घरी पाठवणारे, दोघेही चुकतात.

अर्धांगवायूत तर घड्याळच सगळे ठरवते. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि त्याआधी मेंदूत रक्तस्राव नाही हे सीटीने पाहावेच लागते. रक्तस्राव असताना ते इंजेक्शन दिले तर माणूस हातचा जातो. म्हणून तोंड वाकडे झालेल्या रुग्णाला सलाईन लावून सकाळपर्यंत ठेवणे हा गुन्हाच. त्याला घेऊन नातेवाईक कळव्याला निघाले, तर तिथे जलद लोकल थांबत नाही. रस्त्याने शिळफाटा कसा असतो ते वाचकांना सांगायला नको. यंत्र बसते, फीत कापली जाते, फलकावर नावे येतात. रात्री दोन वाजता ते चालवणारा तंत्रज्ञ आणि फिल्म वाचणारा रेडिओलॉजिस्ट आहे का, हे पालिकेला विचारा.

जानेवारी २०१८ मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात रुग्णासोबत आलेला एक तरुण ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेला. यंत्र बंद आहे, असे त्याला सांगितले गेल्याचे घरच्यांनी म्हटले. त्या यंत्राचे चुंबक तपासणी चालू नसतानाही चालूच असते! सिलिंडरसह तो खेचला गेला आणि मेला. रुग्णालयाचे ओझे नातेवाईकाच्या हातात का होते, हा प्रश्न आम्ही तेव्हाही विचारला असता, आजही विचारतो. गरिबाचे हात म्हणजे रुग्णालयाचे फुकटचे हमालच.

आता आपल्याच घरातल्या डॉक्टरांशी बोलायचे आहे. संविधानाच्या ४७ व्या कलमाने सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे शासनाचे कर्तव्य मानले, आणि बाबासाहेबांनी उघडलेल्या दारातून आपली मुले-मुली एमबीबीएस, बीएएमएस, बीएचएमएस झाली. १४ एप्रिल आणि ६ डिसेंबरच्या शिबिरांत ती बीपी-शुगर तपासतात, हे चांगलेच. त्याच मंडपात वस्तीतल्या डॉक्टरांसाठी तासभर फिल्म वाचण्याचा वर्ग घ्या. एखादा रेडिओलॉजिस्ट बोलवा. आणि तपासणीच्या चिठ्ठीवर नुसते 'एमआरआय स्पाइन' लिहू नका. काय शोधायचे आहे, किती दिवसांचे दुखणे आहे, कोणत्या पायात मुंग्या येतात, हे एका ओळीत लिहा. ती ओळ सुचत नसेल, तर रुग्णाला पुन्हा टेबलावर झोपवून तपासा.