गीझर बंद केलास का?

डिसेंबर आला की पुण्यात दोन गोष्टी चढतात: अंगावर स्वेटर आणि विजेचं बिल. रूम हीटर आपल्याकडे फारसं कुणी लावत नाही. मग मीटर पळवतो कोण? अर्थात, गीझर!

हिशेब सोपा आहे. दोन हजार वॉटचा गीझर तासभर तापला की २ युनिट. १५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० वर न्यायला वीस-बावीस मिनिटं, म्हणजे पाऊण युनिट पुरे. मग थर्मोस्टॅट वीज तोडतो खरा, पण पाणी निवतं आणि गीझर पुन्हा सुरू. रात्रभर बटण चालू ठेवणाऱ्या रूममेटला हे ऐकवाच. आंघोळी लागोपाठ उरका, शॉवरऐवजी बादली घ्या. महावितरणचा दर १०० युनिटच्या पुढे चढतो, तेव्हा वाचतं ते महागातलं युनिट.

स्वस्त पडतो म्हणून गॅस गीझर घेताय? जरूर घ्या, पण बसवा बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत. बंद बाथरूममध्ये त्याचा कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला ना रंग, ना वास. माणूस बेशुद्ध पडतो आणि कडी आतून लावलेली असते. काटकसर विजेत करा बॉस, हवेत नको!