कांद्याची चाळ आणि धोरणाची चाल

चाकण येथे दोन व्यवहार शेजारी शेजारी चालतात. एक मोटारींच्या कारखान्यांचा, दुसरा कांद्याच्या बाजाराचा. कोणता सुटा भाग केव्हा लागणार हे कारखान्यात आधीच ठरलेले असते, म्हणून तेथे साठा कमी ठेवणे शहाणपणाचे होय. जवळच्याच शिरूर तालुक्यातील पाबळसारख्या अवर्षणग्रस्त गावच्या शेतकऱ्याला मात्र पाऊस किती पडेल याचीही शाश्वती नसते. मागणीच्या अनिश्चिततेनुसार पुरवठ्याची पद्धती ठरवावी, असे मार्शल फिशर यांनी १९९७ साली मांडले. त्यात पुरवठ्याच्या अनिश्चिततेची भर हाउ ली यांनी २००२ साली घातली. कांदा या दुसऱ्या वर्गातला. त्याची मागणी बारमाही, पीक मात्र पावसाच्या हाती.

अशा मालाला साठवणुकीची सवड हवी. रब्बीचा कांदा हवेशीर चाळीत चार-पाच महिने टिकतो. खरिपाचा टिकत नाही, तो काढताच विकावा लागतो. धोरणकर्त्यांना हा भेद ठाऊक नाही असे कसे म्हणावे? तरीही ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसले आणि डिसेंबरात बंदी आली, ती नेमकी खरिपाचा माल बाजारात येत असताना. ज्याला थांबता येत नाही, त्याचीच वाट अडविली गेली. बंदी मे २०२४ मध्ये उठली. शुल्क पूर्णपणे जाण्यास एप्रिल २०२५ उजाडला.

शहरातील गृहिणीला रास्त भावाने कांदा मिळावा, याविषयी दुमत नाही. परंतु त्यासाठी सरकारने रब्बीचा साठा वेळीच करावा, आणि भाव कोणत्या पातळीस गेल्यास किती शुल्क लागेल हे पेरणीपूर्वीच जाहीर करावे. आकस्मिक बंदीचे शस्त्र म्यान करावे.

डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली पाबळ येथे स्थापिलेल्या विज्ञान आश्रमाने एकाच तरुणाच्या हाती शेती, बांधकाम, वेल्डिंग व वीजकाम ही कौशल्ये दिली. असे तरुण गावातच चाळ उभारू शकतील. मात्र चाळीत ठेवलेला माल उद्या कोणत्या नियमाने विकला जाईल, हे शेतकऱ्याला आज कळले पाहिजे. एवढी हमी देणे सरकारला जड नाही.