बाहुली बोलली, यात न पटण्यासारखं काय?

मुलुंडच्या एका व्याख्यानात परवा अंधेरीच्या एका पटकथाकारांनी मराठी साहसपटांचा निकाल लावून टाकला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: 'झपाटलेला' ही हॉलिवुडची चोरी, बाहुलीत गुंडाचा आत्मा शिरणं शेंबड्या पोरालाही पटू नये, शिवाय त्यातून अंधश्रद्धा पसरते, आणि २०१३ चा दुसरा भाग तर निव्वळ गल्ल्यासाठी. टाळ्या पडल्या. माझा संताप अजून उतरलेला नाही.

गल्ल्याकडे न बघता दुसरा भाग कुणीच काढत नाही. अंधश्रद्धेचं म्हणाल, तर मंत्राच्या जोरावर मरण चुकवू पाहणारा इथे खलनायक आहे आणि तो मरतो पोलिसाच्या गोळीनं. हे दोन आक्षेप इथेच संपले.

खरा मुद्दा पटण्या-न पटण्याचा. ज्याची चोरी म्हणतात तो हॉलिवुडचा 'चाइल्ड्स प्ले' १९८८ चा, 'झपाटलेला' १९९३ चा. मूळ कल्पना तिकडचीच, हे मला मान्य आहे. पण तिकडे बाहुली येते सहा वर्षांच्या अँडीच्या हाती. ती बोलते असं तो सांगतो, तेव्हा मोठी माणसं पोराची कल्पना म्हणून सोडून देतात. दिग्दर्शक महेश कोठारे यांनी ती नायक लक्ष्याच्या, म्हणजे चांगल्या वाढलेल्या माणसाच्या हाती दिली. नुसती नक्कल केली असती तर कथा इथेच कोसळली असती, कारण असलं बोलणाऱ्या मोठ्या माणसाला लोक वेड्यात काढतात. म्हणून लक्ष्याला शब्दभ्रमाचा नाद लावला. आता तो जितका ओरडून सांगेल, 'मी नाही, ही स्वतः बोलतेय', तितकी लोकांना ती त्याचीच करामत वाटणार! ज्या कलेवर त्याचा जीव, तीच त्याच्याविरुद्ध साक्ष देते. पटकथेची याहून घट्ट गाठ आमच्या व्याख्यात्यांनी दाखवावी. शिवाय ती बाहुली घडवली होती रामदास पाध्ये यांनी. त्यांच्या अर्धवटराव या बाहुल्याला बोलताना पाहिलेल्या प्रेक्षकाचा निम्मा विश्वास आधीच बसलेला होता. आणि नियम पाहा: तिकडच्या बाहुलीचं, चकीचं मर्म हृदयात, इकडच्या बाहुलीतल्या गुंडाचं, तात्या विंचूचं, दोन भुवयांच्या मधोमध. हा नियम कथा स्वतः घालून देते आणि शेवटी स्वतः पाळते. आत्मा खरोखर बाहुलीत जातो का, हा प्रश्न विज्ञानाच्या तासाला विचारावा. चित्रपटाला विचारायचं ते एवढंच, की तू घातलेला नियम तू मोडलास का?

राहिली चोरी. 'चाइल्ड्स प्ले' तरी कुठे आभाळातून पडला? दुष्ट बोलकी बाहुली १९६३ मध्ये 'ट्वायलाइट झोन' मालिकेत येऊन गेली होती, आणि शब्दभ्रमकाराला छळणारा बाहुला १९४५ च्या 'डेड ऑफ नाइट'मध्ये. ज्या इंडियाना जोन्सचे हे व्याख्याते गोडवे गातात, त्याचा १९८१ चा पहिला चित्रपट जुन्या साहसमालिकांच्या प्रेमातून जन्मला. आपल्या उपनगरातही हा व्यवहार जुना आहे. चित्रपटकार होमी वाडियांच्या बसंत स्टुडिओचं घर चेंबूरला होतं, आणि त्यांच्या १९५८ च्या 'झिंबो'त टारझन उघड दिसतो. त्याआधी १९३५ ला त्यांनी 'हंटरवाली' केला. डग्लस फेअरबँक्सच्या झोरोवरून त्यांनी मुखवटा घेतला आणि तो चढवला राजकन्येच्या चेहऱ्यावर. अन्याय करणाऱ्यांना चाबकानं फोडणारी ही नायिका, नादिया, कुठल्या झोरोत होती?

हाच वाद वाचनालयांतही होऊन गेलाय. रहस्यकथाकार बाबुराव अर्णाळकरांच्या धनंजय-छोटू या जोडीत होम्स-वॉट्सन शोधून नाकं मुरडणारे तेव्हाही होते. त्याच पुस्तकांसाठी रांगेत नंबर लावून माणसं वाचायला शिकली, याची दखल त्यांनी घेतली नाही. भा. रा. भागवतांनी व्हर्नच्या साहसकथा मराठीत आणल्या आणि फुरसुंगीचा बनेश फेणेही उभा केला. उसनं घेण्यानं त्यांचा हात लुळा पडला नाही.

माझी बाजू साधी आहे. कल्पना जरूर घ्यावी. ती इथल्या माणसाच्या हाती दिल्यावर कथेत काय बदलतं, ते शेवटपर्यंत शोधावं. दुसऱ्या भागात लक्ष्याचा मुलगा आणला, तेव्हा बापाची कला त्याला वारशानं मिळाली, हे मला योग्य वाटतं. माझी तक्रार एकच, आणि ती व्याख्यात्यांना सुचलीच नाही: जिथून घेतलं त्या चित्रपटाचं नाव श्रेयनामावलीत ठळक छापायला हवं. पुढचा भाग काढणाऱ्यानं ते पहिल्या पाटीवर छापावं. चित्रपटगृहातली एकही खुर्ची त्यामुळे रिकामी होणार नाही.