सोळा नंबरची सुई

नागपुरास बेसा भागातल्या आमच्या घरी शिवणयंत्र आहे ते सौभाग्यवतीचे. अधूनमधून अतिक्रमण करतो तो मी. गेल्या महिन्यात माझ्या कॅनव्हासच्या पिशवीचा बंद तुटला. १६ नंबरची सुई लावून मी तो शिवला आणि सुई तशीच यंत्रात ठेवून उठलो.

दुसऱ्या दिवशी हिने आपल्या आईची करवतकाठी टसरची साडी काढली. काठावर करवतीचे दात, अंगाला मधाचा रंग. दिवाळीला मुलीसाठी तिचा परकर व्हायचा होता. घेराशी हातभर टीप गेली असेल-नसेल, तोच आतून आवाज आला, ‘‘अहो, इकडे या बरं जरा!’’

टीप उसवली. दोरा निघाला, भोकांची रांग मात्र जिथल्या तिथे! सुती कापडाची भोके धुण्यात पुष्कळदा मिटतात. रेशीम काही विसरत नाही. ही बोलली नाही, त्यामुळे मला फारच ऐकू आले.

शिक्षा म्हणून मी सुयांचा अभ्यास केला. सुईचा नंबर वाढला की सुई जाड होते आणि दोऱ्याचा नंबर वाढला की दोरा बारीक होतो! वीस वर्षे व्याकरणातले अपवाद शिकवूनही हा उलटा न्याय मला ठाऊक नव्हता. पाकिटावर १००/१६ असे जोडआकडे असतात. त्यातला १०० म्हणजे सुईची जाडी एक मिलिमीटर. मलमल, वायल, टसर यांना ९ किंवा ११, रोजच्या पॉपलिनला १४, जीनच्या कापडाला १६ वा १८. बनियनच्या कापडाला मात्र गोल टोकाचीच सुई हवी. टोकदार सुई विणीचे फासे तोडते, गोल टोकाची त्यांच्यामधून वाट काढते.

दोरा जुळतो की नाही, हे पाहण्याची युक्ती हिनेच सांगितली. सुई दोऱ्यात ओवून दोरा तिरपा ताणून धरायचा. सुई आपसूक घसरली तर ठीक. अडली तर नेढे लहान.

परकर झाला, ११ नंबरच्या सुईने. भोकांची रांग हिने एका टकमध्ये दडवली. ‘‘वाढत्या अंगाची पोर, टक हवाच,’’ असे शेजारणींना सांगितलेही. पुढल्या दिवाळीला पोर वीतभर वाढेल आणि तो टक सोडावा लागेल. मी आतापासूनच तिच्या उंचीकडे धास्तीने पाहतो आहे.