संकोचाचे प्रवेशशुल्क

चाळिशी उलटलेल्या मध्यमवर्गीय गृहस्थाला डॉक्टरांनी रक्तातील साखरेचा आकडा दाखवून व्यायाम सांगितला, की तो बहुधा घराजवळच्या आधुनिक व्यायामशाळेची वर्षाची वर्गणी एकरकमी भरून मोकळा होतो. पहिला आठवडा तो नेमाने जातो. भिंतभर आरसे, पिळदार शरीराचे तरुण, आणि कोणते यंत्र कोठून धरावे हे विचारण्याचीही चोरी! दुसऱ्या आठवड्यापासून त्याचे जाणे खुंटते. घरचे त्याला आळस म्हणतात. वस्तुतः पुष्कळदा तो आळस नसून संकोच असतो. आणि संकोच ही, पावतीवर न छापलेली का होईना, एक किंमतच आहे.

स्टेफानो देलाविन्या आणि उल्रिके मालमेंडियर या अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतील व्यायामशाळांच्या सभासदांचा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध केला. दरमहा सत्तर डॉलरहून अधिक भरणारे हे सभासद महिन्यातून सरासरी चार-पाच वेळाच येत. दहा खेपांचा पास घेतल्यास एक खेप दहा डॉलरांत पडत असता त्यांना प्रत्येक खेप सतरा डॉलरांहून महाग पडत होती. स्वतःच्या भावी निग्रहावरील फाजील विश्वास हे त्यांनी दिलेले प्रमुख कारण मान्य करावे लागेल. परंतु निग्रह नेमका कोठे खचतो हे पाहू गेल्यास दारातल्या संकोचापाशी थांबावे लागते. शिवाय, पैसे भरून न येणाऱ्या सभासदाचा संकोच दूर करण्याची चालकाला तरी काय निकड असणार?

हा संकोच बराचसा निराधार असतो. थॉमस गिलोविच व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना ओशाळवाणे वाटेल असे चित्र छापलेला शर्ट घालून इतरांनी भरलेल्या खोलीत पाठविले होते. निम्म्या लोकांनी तरी तो पाहिला असेल, असा त्यांचा अंदाज. प्रत्यक्षात तो जेमतेम एक-चतुर्थांश लोकांच्या लक्षात आला. व्यायामशाळेत तर प्रत्येक जण आरशात स्वतःलाच न्याहाळत असतो. आरशांचा एवढा उपकार मानलाच पाहिजे. चार-सहा खेपांत ही गोष्ट उमगते. प्रश्न तेवढ्या खेपा टिकण्याचा आहे. गर्दी नसलेली वेळ निवडणे, एखादा सोबती गाठणे, आरंभी दोन-तीनच प्रकार नीट शिकून घेणे, हे साधे उपाय त्यासाठी पुरतात.

आपल्या जुन्या तालमीत नवख्याला हौद्याची माती खणायला लावीत, वस्ताद त्याच्याकडून जोर-बैठका काढून घेत. नवखेपणाला तेथे ठरलेले काम होते, म्हणून त्याची लाज नव्हती. अर्थात त्या तालमीचे दार स्त्रियांना बंद होते, हे विसरून गतकाळाचे गोडवे गाण्यात अर्थ नाही.

आणि खरा प्रश्न स्त्रियांचाच आहे. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये २०२४ साली आलेल्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतातील सुमारे निम्मे प्रौढ पुरेशी शारीरिक हालचाल करीत नव्हते; पुरुषांत हे प्रमाण सुमारे ४२ टक्के, तर स्त्रियांत ५७ टक्के होते. घरकामातून वेळ काढून व्यायामाला गेलेल्या बाईवर रोखलेल्या नजरा नेहमीच काल्पनिक नसतात. तिला मानसशास्त्राचा प्रयोग सांगून भागणार नाही. तेथे व्यवस्थाच बदलावी लागेल. नगरपालिकांनी उद्यानांत बसविलेल्या उघड्यावरील साधनांवर साडी नेसून, पायांत बूट घालून व्यायाम करणाऱ्या बायका सकाळी दिसतात. त्या बहुधा चौघी-पाचजणी मिळून येतात, आणि उघड्या मैदानातही त्यांना बुजल्यासारखे होत नाही.

कित्येक महाविद्यालयांच्या व्यायामशाळा दुपारी कुलूपबंद असतात. त्या रोज दोन तास परिसरातील स्त्रियांसाठी खुल्या ठेवाव्यात, शुल्क वर्षाचे न घेता खेपेगणिक घ्यावे. जागा आहे, साधने आहेत. मुख्य खर्च काय तो एका प्रशिक्षिकेच्या मानधनाचा.